नातीच्या पुस्तकातलं कापलेलं पान

अण्णा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहायला मला भीती वाटत नाही. वाचता येणाऱ्या माणसाला लिहायचं म्हणजे मी एकेक शब्द दोनदा पारखते, उद्या याचा कोण काय अर्थ काढील म्हणून. तुमच्यापाशी तो प्रश्न नाही. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. माझ्या मुलाला आता मुलगी झाली, म्हणजे तुमची पणती. तिच्यासाठी मी हाताने एक पुस्तक बांधायला घेतलं, आणि त्यातलं एक पान कुणीतरी कापून काढलं. ते कुणी कापलं हे शोधताना मी गेल्या आठवड्यात जशी वागले, ते कुणाला तरी सांगायला हवं. घरात सांगण्यासारखं माणूस उरलेलं नाही. नवरा जाऊन सतरा वर्षं झाली.

पुस्तकाची गोष्ट सुनेनेच काढली. सातव्या महिन्यात होती तेव्हा. मोबाइलवर तिने मला एक तयार पुस्तक दाखवलं. गुलाबी पुठ्ठा, वर हत्तीचं पिल्लू, आत छापलेल्या रिकाम्या जागा: पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला वाढदिवस. म्हणाली, "आई, असलं छापील नको मला. तुम्ही कराल का हाताने? तुम्हाला येतं ना बाइंडिंग." ती आयटी कंपनीत आहे, तिला हवं ते दारात येऊन पडतं. मग माझ्याकडे का मागते? मी त्याचा विचार करत बसले. बाळंतपण सांगवीला तिच्या आईकडे करायचं ठरलं होतं. मला वाटलं, मी तिथे सारखी जाऊन बसू नये म्हणून मला घरात काम लावून देते आहे. तोंडाने मी "करीन की" म्हटलं आणि मनात ते ठेवून दिलं.

ही संशयाची खोड तुमचीच, अण्णा. पिंपरीत रेल्वे रुळांच्या पलीकडे ते पत्र्याचं शेड होतं, तिथे तुम्ही कंपन्यांची रजिस्टरं बांधायचा. गेटवरची, हजेरीची, स्टोअरची. छापखान्यातून गठ्ठा आला की मालक सांगायचा, पाचशे आहेत. तुम्ही मान डोलवायचा आणि तो वळला की अंगठ्याला पाणी लावून पुन्हा मोजायला बसायचा. अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. बांधून झालेलं रजिस्टर दोन्ही पुठ्ठ्यांना धरून उलटं टांगायचा आणि हळूच झटकायचा. कुठलं पान हलतं ते बघायचं. आपण बार्शीकडून आलो होतो आणि इथे कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून तुम्ही असे झालात की आधीपासूनच असे होता, ते मला कधी कळलं नाही. मी मात्र तुमच्याकडे बघूनच शिकले की समोरच्याने सांगितलं ते खरं धरायचं, पण मोजल्यावर.

माझी शाळा तिसरीत सुटली. वाचायला मी तुमच्या रद्दीवर शिकले. छापताना बिघडलेले मोठे कागद तुम्ही चुलीसाठी घरी आणायचा. त्या कागदावर पहिल्या पानाशेजारी सोळावं पान असायचं आणि त्यांच्या डोक्याला डोकं लावून आठवं आणि नववं उलटं. मी कागद फिरवत फिरवत वाचायची. एखाद्या गोष्टीत मुलगी आधी सासरी जायची आणि मग पाळण्यात असायची. मी स्वयंपाक करताना आईला विचारायची, "मग पुढं काय झालं असेल गं?" आई म्हणायची, "भाकरी करपली, हे झालं पुढं." तुम्ही कोपऱ्यात तंबाखू मळत ऐकत असायचा. मला वाटायचं तुमचं लक्ष नाही. दोन-तीन महिन्यांनी तुम्ही एक जाडसर पुस्तक माझ्यापुढे टाकलंत. वर मार्बल कागद, पाठीला कापड. छापखान्यातल्या माणसाच्या मागे लागून तुम्ही एकाच पुस्तकाचे सगळे बिघडलेले कागद गोळा केले होते, आणि आकडे बघून घड्या घालून ओळीने शिवले होते. कुठे शाई पसरलेली, कुठे दोनदा छापलेलं. पण पहिल्या पानानंतर दुसरं होतं. "बघ, जुळलंय का," एवढंच म्हणालात.

आणि एक दिवस रागावलात तेही आठवतं. मी अकरा वर्षांची असेन. चित्र काढायला कोरा कागद हवा होता म्हणून एका स्टोअर रजिस्टरमधलं मधलं एक पान मी ब्लेडने अलगद काढलं. इतकं अलगद की मला माझंच कौतुक वाटलं. संध्याकाळी तुम्ही ते रजिस्टर टांगून झटकलंत आणि दुसऱ्याच ठिकाणचं एक पान खाली आलं. तुम्ही मला जवळ बोलावलंत. मारलं नाही. म्हणालात, "पान एकटं जात न्हाई, पोरी. कागुद एकच आस्तोय, मधी दुमडल्याला. हिकडचं काढलं की तिकडचं हालतंय. ज्यानं काय केलं न्हाई ते खाली पडतं." मग ते अख्खं रजिस्टर मला उसवायला लावलंत आणि पुन्हा शिवायला लावलंत. बोटं सुजली होती माझी.

तर नातीचं पुस्तक. तीन भाग केले, एकेका भागात आठ पानं, एकूण चोवीस. कागद जाड घेतला. लहान पोरं सगळं तोंडात घालतात म्हणून खळीत कीड लागू नये यासाठी घालतात ते विषारी मोरचूद घातलं नाही, कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात खळ शिजवली. पुठ्ठ्याच्या वर लावायला नवऱ्याचा कंपनीचा शर्ट काढला. निळा, खिशावरचं कंपनीचं नाव उसवलं तिथे कापड अजून गडद आहे. नवरा चाकणला प्रेस शॉपमध्ये होता हे तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच स्थळ बघितलं होतं. पानांवर मी स्वतः लिहिलं. एक पान तुमचं. एक आईचं. आपण इकडे कसे आलो त्याचं. भोसरीतल्या या दोन खोल्या कशा झाल्या त्याचं. नवऱ्याची तीन पानं. आणि काही पानं कोरी ठेवली, एक मुलाने लिहायला, एक सुनेने, एक विहीणबाईंनी, बाकी पोर मोठी झाली की तिने.

नवऱ्याच्या तिसऱ्या पानावर मी त्यांचा शेवटचा दिवस लिहिला होता. फार काही नाही. मुलगा तेव्हा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होता. ड्रॉइंगच्या तासाला ड्राफ्टर लागतो, रेघा मारायचं यंत्र, आणि दुसऱ्या दिवशी त्याशिवाय वर्गात बसू देणार नव्हते. त्याने कंपनीत फोन करून वडिलांना सांगितलं. त्यांच्या बरोबरचा एक जण राजगुरुनगरला राहायचा, त्याच्या मुलाचा ड्राफ्टर घरी पडून होता. म्हणून त्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर ते कंपनीच्या बसमध्ये बसले नाहीत. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून राजगुरुनगरला गेले, ड्राफ्टर घेतला, आणि परत येताना ट्रक आला. चालवणारा वाचला. हे मी साध्या शब्दांत लिहिलं, आणि खाली लिहिलं, "तुझ्या बाबांचा हट्ट त्यांनी कधी मोडला नाही." मला ते वाक्य आवडलं होतं. नवरा कसा होता ते त्यात आलं असं मला वाटलं.

शिवण्याआधी सुटे कागद टेबलावर होते तेव्हा सून भोसरीला आली होती. तिने ते पान उभ्या उभ्या वाचलं. कागद परत जागेवर ठेवला. मग म्हणाली, "आई, हे पान ह्यांनी वाचलंय का?" मी म्हटलं, "त्याने कशाला वाचायला हवं? त्याला माहीत नाही का बाप कसा गेला?" ती म्हणाली, "तसं नाही," आणि विषय बदलला. मी लगेच ओळखलं, म्हणजे मला वाटलं ओळखलं, की हिला बाळाच्या पुस्तकात अपघात नको आहे. पुढे बाळ झाल्यावर बघायला गेले तेव्हा पिशवीतला शर्ट विहीणबाईंना दाखवला. त्यांनी तो हातात न घेताच बघितला. "अगं बाई, नव्या जिवाच्या पुस्तकाला गेलेल्या माणसाचं कापड? तुम्हाला चालतं का असं?" मी म्हटलं, "बाळाला पहिल्यांदा जुन्या धुतलेल्या कपड्यातच गुंडाळतो की आपण. मग पुस्तकाला काय होतंय?" त्या हसल्या आणि सुनेकडे बघितलं. ते बघणं मी घरापर्यंत बरोबर आणलं.

पुस्तक शिवून झालं, पुठ्ठा लावायचा बाकी ठेवला, आणि मुलाकडे दिलं. म्हटलं, तुझं पान लिही आणि सांगवीला नेऊन त्या दोघींची लिहून आण, बारशाच्या आधी मला पुठ्ठा चढवायचा आहे. सव्वा महिना झाल्यावर रविवारी बारसं होतं. त्याने आठ दिवसांनी कापडी पिशवीतून आणून दिलं. "दिलंस का त्यांना?" म्हटलं. "हो," म्हणाला आणि चहा न पिता गेला. मी उघडून बघितलं. मुलाचं पान होतं: जन्म सकाळी नऊ वाजून दहा. वजन दोन किलो नऊशे. तब्येत ठीक. तो चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्याने पोरीचा इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहिला होता. मला हसू आलं. मग सुनेचं पान काढलं. कोरं. विहीणबाईंचंही कोरं. आठ दिवस पुस्तक घरात, आणि एक ओळ लिहावीशी वाटली नाही.

मग मी तुमच्यासारखं केलं. पुठ्ठा नव्हता, पण पहिलं आणि शेवटचं पान धरून उलटं टांगलं आणि झटकलं. मधल्या भागातलं चौदावं पान लोंबायला लागलं. सुनेचं कोरं पान. मला क्षणभर वाटलं माझीच शिलाई कच्ची झाली, डोळे पूर्वीसारखे नाहीत. मग पानं मोजली. तेवीस. चौदाव्याच्या जोडीचं असतं अकरावं, आणि अकरावं नव्हतं. नवऱ्याचा शेवटचा दिवस नव्हता. घडीपाशी बोट फिरवलं तर आत दोरीला धरून राहिलेली काठाएवढी पट्टी लागली. पट्टी ठेवून सरळ कापलेलं होतं, कुठे धागा दुखावला नव्हता.

अण्णा, ती दुपार मी त्या पुस्तकासमोर बसून काढली. मला एकदाही मुलाची शंका आली नाही. सगळं कसं बसत होतं. सुनेने आधीच विचारलं होतं. विहीणबाईंना गेलेल्या माणसाचं कापडसुद्धा नको होतं, मग मरणाचं पान कसं चालेल? दोघींनी मिळून काढलं, आणि वर स्वतःची पानं कोरी ठेवून मला कळवलं की तुमचं पुस्तक तुमच्यापाशी. मला आधीची सगळी वर्षं आठवायला लागली. लग्नात आमच्या लोकांची पंगत दुसरी बसवली ते. पिंपळे सौदागरच्या मुलगा-सुनेच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर नवऱ्याचा फोटो लावला नाही ते. "आई, बाबांचा फोटो स्कॅन करून ठेवते," म्हणून फोटो नेला आणि भिंत रिकामीच राहिली. मला वाटलं, ही माणसं माझ्या माणसाला हळूहळू पुसून काढताहेत, आणि आता पोरीच्या पुस्तकातूनही.

शुक्रवारी सकाळी पुस्तक पिशवीत घालून निघाले. नाशिक फाट्याला बस बदलली. वाटेत मी बोलायची वाक्यं तयार करत होते. सांगवीला पोचले तर विहीणबाईच दारात. "या या, विहीणबाई. उन्हात कशाला आलात? फोन केला असता तर जावई घेऊन आले असते." मी म्हटलं, "माझे पाय आहेत अजून." आत सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तेल लावून झालं होतं, धुरी देऊन झाली होती, पोर शांत झोपली होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुनेच्या शेजारी बसले. पाणी घेतलं नाही.

"पुस्तक बघितलं का गं?" मी विचारलं. आवाज मलाच गोड वाटला, तेव्हा मला माझी भीती वाटायला हवी होती.

"कुठलं? बाळाचं? झालं का शिवून?" ती एकदम पुढे झाली. "आणलंय का? मी रोज ह्यांना विचारतेय, आईंचं पुस्तक कुठवर आलं. म्हणतात, होतंय, होतंय."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटं बोलताना माणूस कसं बघतं ते मला कळतं, किंवा कळतं असं मी इतकी वर्षं धरून चालले. मी म्हटलं, "आठ दिवस तुमच्याकडे होतं म्हणे."

"आमच्याकडे?" विहीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "इथे चिटोरंसुद्धा आलं नाही हो. मी तर विचारच करत होते काय लिहायचं. माझं अक्षर म्हणजे मुंग्या चालल्यासारखं. हिच्या बाबांना म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. ते म्हणाले, तुझ्या तोंडाला कुणी सांगायला लागत नाही, कागदाला कशाला?"

सून उठली, बाळ तिने माझ्या मांडीवर ठेवलं आणि उशीखालून एक वहीचा कागद काढला. तीनदा घडी घातलेला. "मी कच्चं लिहून ठेवलंय. तुम्ही बघाल का एकदा? शुद्धलेखन वगैरे. तुम्ही इतकं वाचता, मला लाज वाटते." त्यावर तिने लिहिलं होतं की पोटात असताना हिला रात्री लाथा मारायची सवय होती, आणि तिच्या आजीने दिलेल्या डिंकाच्या लाडूंनी ती शांत व्हायची. ते लाडू माझे होते. मी ते नेऊन दिले तेव्हा ही खाणार नाही, कामवालीला देईल, असं म्हणत मी परत आले होते.

मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि सुटलेलं पान दाखवलं. अकराव्या पानाची पट्टी दाखवली. तिने ती बघितली आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू गेलं. म्हणाली, "मी तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं, आई. ह्यांनी वाचलंय का म्हणून."

"का पण? काय आहे त्यात?"

तिने आईकडे बघितलं. विहीणबाई आत गेल्या. "ते त्यांनाच विचारा," सून म्हणाली. "मला एकदाच बोललेत ते. फोटोसुद्धा त्याचमुळे लावू देत नाहीत. मी फ्रेम करून आणलीय, कपाटात आहे. पण माझ्याकडून ऐकू नका."

निघताना विहीणबाईंनी खणानारळाची ओटी भरली नाही, मी विधवा म्हणून भरत नाहीत हे मला माहीत होतं, पण त्यांनी हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "कापडाचं मी बोलले ते मनावर घेऊ नका. माझ्या जिभेला हाड नाही." मी साखर खाल्ली. मी कशासाठी आले होते ते त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, याबद्दल त्यांना कधी धन्यवाद देणं मला जमणार नाही.

शनिवारी दुपारी मी पिंपळे सौदागरला मुलाच्या घरी गेले. त्याला सुट्टी होती. घर एकट्या पुरुषाचं असतं तसं झालेलं, सिंकमध्ये कुकर, सोफ्यावर टॉवेल. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि चौदाव्या पानाशी उघडलं. त्याने पान लोंबताना बघितलं.

"हे का हललं?" म्हणाला. "हे तर मी कापलं नाही."

म्हणजे कबुली त्याने अशी दिली. बाइंडरचा नातू, आणि पान एकटं जात नाही हे त्याला माहीत नव्हतं. मी शिकवलंच नव्हतं. मी म्हटलं, "ते तुझ्या बायकोचं पान आहे. तू एक कापलंस, तिचं सुटलं. आणि मी तिलाच धरलं."

तो आत गेला आणि कंपनीच्या बॅगेतून प्लास्टिकची फाइल घेऊन आला. पान त्यात होतं, सुरकुतीसुद्धा पडू दिली नव्हती. रोज बरोबर चाकणला नेत होता.

"फाडून टाकायचं होतं तर टाकायचं."

"फाडवलं नाही. तुझं अक्षर आहे." मग म्हणाला, "पण तिने ते वाचायचं नाही, आई. उद्या दहा-बारा वर्षांची होईल, वाचेल, आणि मला विचारेल, बाबा, तुम्ही फोन केला नसता तर?"

"असं कोण विचारतं?"

"मी विचारतो. रोज."

मी म्हटलं, "तसं मी काही लिहिलं नाही रे. कौतुकाने लिहिलंय."

"हट्ट लिहिलंयस. मी हट्ट नव्हता केला. मी फक्त सांगितलं होतं. ते म्हणाले, बघतो." त्याने पान पुन्हा फाइलमध्ये सरकवलं. चौतीस वर्षांचा माणूस, आणि लहान मूल न केलेला गृहपाठ लपवतं तसा फाइलवर हात ठेवत होता.

मी विचारलं, "तो ड्राफ्टर कुठे आहे रे? मी कधी बघितला नाही तुझ्याकडे."

"नदीत टाकला. बाबांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. कॉलेजात मित्राचा वापरायचो, तो दोन वर्षं माझ्या आधी येऊन बसायचा आणि काम संपवून द्यायचा." हे मला सतरा वर्षांनी कळत होतं. त्या दोन वर्षांत मी शिवणकाम, डबे, आणि मग आकुर्डीच्या झेरॉक्सच्या दुकानात इंजिनिअरिंगच्या पोरांच्या काळ्या प्रोजेक्ट फाइली बांधायचं काम, असं करत होते. घरातला मुलगा रेघा कशाने मारतो हे बघायला मला फुरसत नव्हती असं मी स्वतःला सांगते. फुरसत होती. मी बघितलं नाही.

आम्ही तिथेच पुस्तक उसवलं. मी बरोबर कागद, दाभण आणि दोरा आणला होता. मधला भाग मोकळा केला, कापलेला कागद बाहेर काढला, त्याच मापाचा नवा कागद दुमडून आत घातला. अकराव्या पानावर आता मी दुसरा दिवस लिहिला, मुलगा दहावी पास झाल्यावर नवरा त्याची गुणपत्रिका खिशात घालून कंपनीत गेला होता आणि सुपरवायझरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवून आला होता, आणि येताना तिला तेलाचा डाग पाडून आणला होता. चौदाव्यावर सुनेच्या कच्च्या कागदातला मजकूर बसेल एवढी जागा सोडली, ती स्वतः लिहील म्हणून. रजिस्टरमधलं पान असं बदललेलं तुम्हाला चाललं नसतं. मी त्याचा विचार केला. पण तुमच्या रजिस्टरात माल लिहायचे.

माझ्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नाही. मुलगा दोरा ओवून देत होता. अर्धी शिलाई झाली तेव्हा खाली मान घालून त्याने विचारलं, "आई, पोलिसांनी ड्राफ्टर आणून दिला तेव्हा तू मला काय म्हणालीस, आठवतं का तुला?"

मी टाका ओढून घट्ट केला. म्हटलं, "नाही रे. त्या दिवसातलं मला काहीच आठवत नाही. शुद्धच नव्हती."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला ते खरं वाटलं की त्याने मला सोडून दिलं, हे मला समजलं नाही. आत्तापर्यंत कितीतरी जणांच्या तोंडाकडे बघितलं, तसं मी त्याच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला, आणि मला बघवलं नाही. त्याने ओवलेली सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बरं."

काल बारसं झालं. पुस्तकाला निळा पुठ्ठा चढवला आहे. सुनेने ते सगळ्यांसमोर उघडून वाचलं, विहीणबाईंनी मुंग्यांसारख्या चार ओळी लिहिल्या, पोर नाव ठेवतानासुद्धा झोपलेलीच होती. फोटो अजून कपाटात आहे.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, ठेवणारही नाही. फक्त एवढं लिहून मोकळी होते. अण्णा, मला आठवतं. घरात बायका बसल्या होत्या, तो दारात उभा होता, सोळा-सतरा वर्षांचा, ओठांवर नुकती लव आलेली. मी तो ड्राफ्टर उचलून त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, "घे. मिळाला ना तुझा ड्राफ्टर? आता मार रेघा." तो काही बोलला नाही. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. म्हणून मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने.